बाळू पंप आणि घानाची देवी

कोकणात 'सामाईक' म्हटलं की आधी वकील आठवतो. आमची पाणंद सामाईक, खळ्यापलीकडचा फणस सामाईक, आणि सातबाऱ्यावरची नावं वाचायला घेतली की चहा निवतो. अशा देवगडातल्या घरात भाच्याने माजघरातल्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स आणि त्यावरचा पडदा नि प्रोग्रॅम पुरवणारं केडीई घातलं आणि म्हणाला, "मामा, आता सगळ्यांचे नंबर नि तारखा एकाच ठिकाणी. सामाईक!"

"दावा कुठल्या कोर्टात चालणार?" मी विचारलं.

त्या कोठाराचं नाव आकोनादी. २००८ साली आलेल्या केडीईच्या चौथ्या आवृत्तीचा हा एक खांब. पत्त्यांचं केॲड्रेसबुक, टपालाचं केमेल, तारखांचं केऑर्गनायझर, तिघांनी आपापली चूल मांडायची नाही, आकोनादीकडेच मागायचं. मूळ दप्तर फायलीत नाहीतर सर्व्हरवर असतं. आकोनादी त्याची नक्कल डेटाबेसात हाताशी ठेवतो, आणि एकाने काही फिरवलं की बाकीच्यांना तात्काळ कळवतो. एवढी तत्परता सातबाऱ्याला असती तर पणजोबा अजून आमच्या कलमांचे मालक नसते.

यंत्राबद्दल तक्रार नाही. पण ऐन वैशाखात पंप बसला आणि मी 'बाळू पंप' शोधला, तर बाळू गायब! हिने त्याचं 'बाळू उधारी' केलं होतं, कारण आगाऊ पैसे घेऊन तो फिरकला नव्हता. त्यावर आईने 'सुमनचो झील' केलं.

"अगो, पण पंप कुठे गेला?"

"पंप ह्या काय आडनाव आसा?" आई म्हणाली.

तारखांचा तमाशा वेगळाच. कॉम्प्युटरांनी तारखा लिहायचा जो ठरीव नमुना, आयकॅलेंडर, तो १९९८ चा. त्यात 'दरवर्षी अमुक तारखेला' बसतं. भाद्रपद वद्य अष्टमी कुठून बसणार? आईने आजोबांचं श्राद्ध 'दरवर्षी' म्हणून भरलं, ते पुढच्या वर्षी नवरात्रात वाजलं. शिवाय पत्त्यात जन्मतारीख दिसली की वाढदिवसांचं कॅलेंडर आपोआप तयार होतं. थोरल्या काकांशी विहिरीवरून आमचं बोलणं बंद आहे. हिने मन मोठं करून त्यांची जन्मतारीख घातली. परवा सकाळी पडद्यावर एकाखाली एक: 'काकांचा वाढदिवस', 'कोर्ट, काकांविरुद्ध'. दोन्हींना घंटा एकच.

एवढ्यात भाच्याने सांगितलं की आकोनादी हे घानातल्या न्यायदेवतेचं नाव, लोक तिच्याकडे कौल मागायचे. झालं! आईने कॉम्प्युटरला जास्वंद वाहिलं, नारळ ठेवला आणि आम्हा सगळ्यांना उभं करून गाऱ्हाणं घातलं.

"बा देवी म्हाराजा, लांबसून आमच्या घरात इलंस..."

"व्हय म्हाराजा!"

"लेकरांनी नावां बदलली, काय चुकला माकला आसात ता पदरात घे..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि त्या बाळूक आजच्या आज पंपार धाड!"

"व्हय म्हाराजा!"

या खेपेला गडग्यापलीकडून थोरल्या काकांचाही आवाज आला, आणि तोच सगळ्यांत मोठा. त्यांच्या कलमांनाही त्याच पंपाचं पाणी जातं.