वटवट्यांची शिरगणती

फेब्रुवारीत चार दिवस जगभर लोक पक्षी मोजतात. १९९८ साली अमेरिकेत सुरू झालेलं हे खूळ २०१३ पासून आपल्याकडेही आलं. नियम सोपे आहेत. कुठेही किमान १५ मिनिटं थांबायचं, दिसतील ते पक्षी मोजायचे आणि यादी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या अ‍ॅपवर चढवायची. नियम करणारा पुण्याच्या वेताळ टेकडीवर सकाळी सातला कधी उभा राहिला नसावा.

गळ्यात दुर्बीण दिसली की माणूस सार्वजनिक मालमत्ता होतो. "बिबट्या आलाय का हो?" इथून सुरुवात. मग एक काका सांगतात, "परवा खाणीपाशी मोर होता, लिहून घ्या." परवाचा मोर आज चालत नाही म्हटलं की, "म्हणजे मी खोटं बोलतोय?" मोर राहतो बाजूला, काकांच्या अब्रूचा प्रश्न उभा राहतो.

तेवढ्यात गिरिपुष्पाच्या जाळीत काहीतरी हलतं. शेपटी वर, मूठभर जीव, नेमका उन्हाच्या बाजूला. बँकेतून निवृत्त झालेल्या ताई निकाल देतात, "साधा वटवट्या." कॅमेरेवाला दादा म्हणतो, "छे, राखी वटवट्या." पक्षी उडून जातो, वाद बसून राहतो. 'वटवट्या, जात अनिश्चित' अशी नोंद करायची सोय ईबर्डवर आहे, पण दोन्ही पक्षांना तो अपमान वाटतो.

यादी संपवताना अ‍ॅप विचारतं, ओळखलेले सगळे पक्षी नोंदवलेत ना? प्रश्न साळसूद दिसतो, पण त्यात खोच आहे. यादी पूर्ण असेल तरच एखादा पक्षी तिथे दिसला नाही, हेही अभ्यासकांना कळतं. म्हणजे स्वर्गीय नर्तकासारख्या देखण्या पक्ष्याच्या आशेनं पहाटे उठलेल्या माणसानं पारवेही मोजायचे.

पारवे पायथ्याशी. तिथे एक आजी रोज ज्वारी टाकतात. साठपर्यंत मोजत आलो की नवी मूठ पडते, सगळा थवा फडफडून उठतो आणि पुन्हा एकपासून सुरुवात. शेवटी ताईंनी हात जोडले, "आजी, पाच मिनिटं थांबता का? आम्ही मोजतोय."

आजींनी आमच्या दुर्बिणी, टोप्या, वह्या नीट न्याहाळल्या.

"मोजा की. पण बायांनो, पगार कोण देतं?"