इनोव्हेशन वीकसाठी काही नम्र सूचना

आमच्या कंपनीत इनोव्हेशन वीक आलाय, 'कल्पना पाठवा' म्हणून वरून मेलवर मेल, रिमाइंडरवर रिमाइंडर. तर घ्या माझ्या कल्पना. तुम्ही एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत वरच्या मजल्यावर बसत असाल आणि खालच्या पोरांनी चुकूनसुद्धा काही नवीन करू नये अशी तुमची मनापासून इच्छा असेल, तर पुढे वाचा. सल्ला अनुभवाचा आहे, ताजा आहे, मागच्याच आठवड्यात आमच्या लीगल खात्याकडून शिकलोय.

सुरुवात जॉइनिंगच्या दिवशीच करायची. पोरगं नवंकोरं असतं, ऑफर लेटर आईला दाखवून झालेलं असतं, तेव्हा सह्यांच्या गठ्ठ्यात आयपीचा, म्हणजे बौद्धिक संपदेच्या मालकीचा, कागद मधेच सरकवायचा. कॉपीराइट कायद्याचं कलम १७ तसं तुमच्याच बाजूचं आहे, नोकरीचं काम म्हणून लिहिलेला कोड मालकाचा, त्यावर कोणाची तक्रार पण नाही, पगार घेतो बाबा आम्ही. पण तेवढ्यावर भागवायचं नाही. लिहायचं की कामाच्या वेळेत किंवा वेळेबाहेर, कंपनीच्या किंवा स्वतःच्या मशीनवर, जे जे सुचेल ते सगळं कंपनीचं. अंघोळ करताना सुचलेलं धरून.

हॅकेथॉन, म्हणजे सलग बसून नवं काहीतरी बनवायची स्पर्धा, जरूर ठेवा. शनिवारीच ठेवा. बक्षीस टीशर्ट.

आता एखादा माझ्यासारखा उत्साही निघालाच तर काय करायचं? आमच्या सोसायटीत उन्हाळा आला की टँकर सुरू होतात, कुठला टँकर कधी आला, किती लिटरचा, कुठल्या विंगनं पैसे थकवलेत, यावरून दर मीटिंगला भांडणं. म्हणून सुट्टीच्या दिवशी घरच्या लॅपटॉपवर छोटं अ‍ॅप केलं. शेजारच्या सोसायट्यांनी पण मागितलं, म्हटलं गिटहबवर, म्हणजे कोड सगळ्यांसाठी खुला ठेवायच्या साइटवर टाकतो, वापरा फुकट. आणि टाकायच्या आधी रीतसर परवानगी मागितली. अशा वेळी नाही म्हणायचं नाही, फॉर्म द्यायचा. त्यात कॉलम असावा 'अपेक्षित बाजारमूल्य', आता हे मी कोणाला विचारू, टँकरवाल्याला? मग मॅनेजरची सही, मग त्याच्या मॅनेजरची, तो ऑनसाइट, म्हणजे परदेशात क्लायंटकडे, मग 'युजरकडून प्रतिसाद नाही' म्हणून तिकीट (म्हणजे माझा अर्ज) क्लोज, उत्तर तुम्हीच द्यायचं होतं तरी. परत तिकीट काढलं की थंडपणे कळवायचं, आपली कंपनी बँकांना वसुलीची सिस्टिम देते, तुमच्या अ‍ॅपमध्येही थकबाकी दिसते, सबब ते आपल्या व्यवसायाच्या कक्षेत येतं, मालकी कंपनीची, कृपया सोर्स कोड सबमिट करावा.

म्हणजे बी विंगच्या काकांनी टँकरचे पैसे दिले नाहीत ही आता एका मल्टिनॅशनलची बौद्धिक संपदा झाली. आपल्या कायद्यात प्रोग्रॅम ही साहित्यकृती आहे (घरी सांगितलं, कोणी साहित्यिक मानायला तयार नाही) आणि कॉपीराइट लेखक मेल्यावर ६० वर्षं. मी गेलो, काका गेले, बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली तरी हिशेब तुमचाच. त्याचं करणार काय हो तुम्ही? वापरणार नाही, विकणार नाही आणि सोडणार पण नाही. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर! सोसायटी परत वहीवर आली.

असो. सल्ला चालू ठेवतो.

पेटंटचा आकडा सगळ्यांच्या केआरएमध्ये, म्हणजे वर्षाच्या कामाच्या टार्गेटमध्ये टाका. पेटंट कायद्याच्या कलम ३(के) प्रमाणे आपल्याकडे नुसत्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमला पेटंट नाही, २००४ च्या वटहुकमानं या 'नुसत्या'तली फट मोठी करून पाहिली, २००५ मध्ये संसदेनं तो भाग काढून टाकला. पण घाबरू नका, मसुद्यात 'एक प्रोसेसर व एक मेमरी असलेली प्रणाली' असं लिहा आणि पुढे तोच प्रोग्रॅम सांगा. नाहीतर अमेरिका आहेच. तिथे १९९९ मध्ये अ‍ॅमेझॉनला एका क्लिकमध्ये खरेदीचं पेटंट मिळालं होतं, कोर्टाची मनाई आल्यावर बार्न्स अँड नोबलला गिऱ्हाइकाकडून मुद्दाम एक क्लिक जास्त करून घ्यावी लागली. यालाच प्रगती म्हणतात. नुसती अमूर्त कल्पना कॉम्प्युटरवर चालवली म्हणून पेटंट नाही, या तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या अ‍ॅलिस निकालानंतर तिकडेही जरा अवघड झालंय, पण मग वकिलांना फी कशाची देता?

पेटंटवर साहेबांचं नाव पहिलं. कोड लिहिणारा शेवटी, जागा उरली तर.

ओपन सोर्स, म्हणजे लोकांनी सगळ्यांसाठी खुला ठेवलेला कोड, फक्त घ्यायचं. लिनक्स, गिट, पोस्टग्रेस, सगळं उचला, परत द्यायचं नाव कोणी काढलं की फॉर्म. १९९१ मध्ये हेलसिंकीतला २१ वर्षांचा लिनस टोरवाल्ड्स छंद म्हणून घरच्या मशीनवर जे लिहायला बसला त्यावर तुमचे सर्व्हर चालतात. नशीब तुमचं, तो तुमच्याकडे ट्रेनी नव्हता, नाहीतर अजून 'अपेक्षित बाजारमूल्य' भरत बसला असता.

आता सल्ला बास. सरळच बोलतो. कॅलिफोर्नियात लेबर कोडचं कलम २८७० आहे, कर्मचाऱ्यानं स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या साधनांवर केलेलं काम कंपनीला करारानं लाटता येत नाही. कंपनीच्या धंद्याशी संबंध असेल तर तिथेही सूट नाही, मान्य. पण टँकरची वही म्हणजे बँकिंग, हे तिथल्या जज्जासमोर बोलून दाखवा. तुमच्या तिकडच्या ऑफिसातल्या माणसाच्या करारात ही सूट छापलेली आहे, मी बघितलीय. आम्ही दोघं एकाच प्रोजेक्टवर, एकच बग रात्री जागून सोडवतो, आणि त्याचा रविवार त्याचा, माझा रविवार तुमचा. का? तर तिकडे कायद्याचा धाक आहे, इकडे नाही. तेच वाक्य इथल्या करारात टाकायला तुमचा हात कोणी धरला होता? लाज वाटत नाही का, वर 'कल्पना पाठवा' म्हणून मेल करायला?

कल्पना येतात हो पोरांना, जेवताना ऐकतो ना मी. तुम्हाला सांगत नाहीत, नोकरी सोडेपर्यंत दाबून ठेवतात. तेव्हा रिमाइंडर पाठवणं बंद करा, आणि सोर्स कोड मागणारा तो मेल आधी मागे घ्या.