‘१७ मीटरची लाट १२ फुटी हॉलमध्ये मावत नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

होम थिएटर घ्यायच्या विचारात असलेल्या तिघांनी मला गेल्या महिन्यात एकच मेसेज पाठवला. त्यात म्हटलंय की लहान खोक्यातला, ॲम्प्लिफायर आतच बसवलेला सबवूफर (फक्त बास, म्हणजे खर्जाचे आवाज काढणारा स्पीकर) ही शुद्ध फसवणूक आहे. २० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला २० कंपनांची, आवाजाची लाट १७ मीटर लांब असते, ती १२ फुटी हॉलमध्ये मावत नाही आणि फूटभर खोक्यातून तर निघूच शकत नाही. आतला ॲम्प्लिफायर नुसती धबधब वाढवतो. खरा बास हवा तर १५ इंची स्पीकर आणि कपाटाएवढं खोकं घ्या. तिघांपैकी एकाने हे खरं मानून तसलं खोकं घेतलंही, आणि आता ते दिवाणाला खेटून, दार अर्धवट अडवून उभं आहे. म्हणून हे लिहितोय.

१७ मीटरचा आकडा बरोबर आहे. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, त्याला २०ने भागलं की १७ येतात. पण लाट म्हणजे काही सतरंजी नाही, की खोलीत पूर्ण अंथरता आली पाहिजे. कानाच्या पडद्याला कळतो तो हवेच्या दाबातला चढउतार. कानाची नळी असते जेमतेम अडीच सेंटिमीटर, आणि चांगले इअरफोन घातले की तिथे ३० हर्ट्झ ऐकू येतात. खोलीची सर्वांत लांब बाजू १२ फूट असेल, तर साधारण ४७ हर्ट्झच्या खाली अख्ख्या खोलीतला दाब एकदमच वर-खाली होऊ लागतो. दारं-खिडक्या बंद असतील तर अशा लहान खोलीची सबवूफरला उलट मदतच होते.

खोक्याचा मुद्दा जास्त खोलात जाऊन बघण्यासारखा आहे. तंबोऱ्याचा भोपळा मोठा तर खर्ज भरदार, हे आपल्या कानात मुरलेलं असतं आणि तोच हिशेब आपण स्पीकरला लावतो. पण तंबोरा छेडून सोडला की आपल्या अंगाने गुंजतो. स्पीकरचा पडदा ॲम्प्लिफायर बळाने हलवतो आणि सांगेल त्याच वेगाने हलवतो. प्रश्न एवढाच उरतो, की तो किती हवा ढकलतो. तेवढ्याच जोराचा आवाज निम्म्या हर्ट्झवर हवा असेल तर पडदा चौपट हलावा लागतो. ८० हर्ट्झवर १ मिलिमीटर पुरत असेल, तर २० हर्ट्झवर १६ मिलिमीटर लागतात.

माझ्या आठ इंची सबवूफरची जाळी काढून मी त्यावर २५ हर्ट्झचा सूर लावला होता. पडद्याच्या कडेचा जाड रबरी वेढा दर धक्क्याला फुगत-दबत होता, मधली टोपी डोळ्यांना धूसर दिसत होती. कानाला आवाज असा फारसा नव्हताच, पण मांडणीतल्या स्टीलच्या वाट्या थरथरत होत्या.

लहान बंद खोक्यात आतली हवा स्प्रिंगसारखी पडद्याला मागे रेटते. याच हवेच्या स्प्रिंगवर एडगर विल्चर यांनी १९५४ साली अमेरिकेत एआर-१ हा स्पीकर उभा केला. बारा इंची वूफर, तोही फळीवर मावणाऱ्या खोक्यात! पुढे केएलएच कंपनीच्या नावातले ‘एच’, म्हणजे अँटन हॉफमन, यांच्या नावाने एक नियम रूढ झाला: लहान खोकं, खोल बास आणि थोड्या वीजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी कुठल्याही दोनच गोष्टी मिळतात. लहान सबवूफर तिसरीवर पाणी सोडतो आणि तिथली तूट ॲम्प्लिफायरकडून भरून घेतो.

म्हणूनच ॲम्प्लिफायर आत असतो. बंद खोक्याचा आवाज एका मर्यादेखाली दर सप्तकाला, म्हणजे हर्ट्झ निम्मे झाले की, १२ डेसिबलने घटतो, आणि १२ डेसिबल भरून काढायला १६ पट वीज लागते. क्लास-डी प्रकारचे ॲम्प्लिफायर कमी तापतात, म्हणून एवढी ताकद लहान खोक्यात कोंडता येते. शिवाय तो ॲम्प्लिफायर त्या एकाच स्पीकरसाठी जुळवलेला असतो. कुठे किती रेटायचं आणि पडदा फाटायच्या आत कुठे आवरायचं, हे त्यात आधीच ठरवून दिलेलं असतं. याला ‘नुसती धबधब’ म्हणणं मला खरंच खटकतं. यामागे कित्येक वर्षांची मेहनत आहे.

धबधब मात्र खरी असते, आणि मी ती सोसलीय. मी घेतलेल्या पहिल्या स्वस्त सेटचं खोकं चांगलं मोठं होतं, त्याला पुढे भोकही होतं. ते ५०-६० हर्ट्झच्या आसपासच घुमायचं, त्याखाली काहीच नाही. ढोल वाजो की गडगडाट होवो, सूर एकच. त्यात १२ फुटी खोली ४७ हर्ट्झला स्वतःच फुगवते. सबवूफर कोपऱ्यात असला तर जास्तच. याचा दोष खोक्याच्या लहानपणावर ढकलता येत नाही.

मेसेजमधलं एक म्हणणं मी मान्य करतो. मोठ्या हॉलमध्ये, दारं उघडी ठेवून, थिएटरइतक्या जोरात ऐकायचं असेल तर आठ इंची सबवूफर पुरा पडणार नाही. माणसाच्या कानाला २० हर्ट्झ ऐकू यायलाच जवळजवळ ७८ डेसिबल लागतात, तिथे मोठ्या पडद्याला पर्याय नाही. १२ इंची पडद्याचं क्षेत्रफळ ८ इंचीच्या सव्वादोन पट असतं. पण ही अडचण आवाजाच्या जोराची आहे, लाट न मावण्याची नाही.

दुकानात जाल तेव्हा ३० हर्ट्झचा सूर लावायला सांगा आणि आवाज हळूहळू वाढवा. जोवर नुसता दाब जाणवतो, तोवर सबवूफर खरा ३० हर्ट्झ देतोय. स्पष्ट ‘हूंऽऽ’ ऐकू येऊ लागलं की समजा, ३० हर्ट्झ मागे पडले आणि त्यांच्या जागी ६० आणि ९० वाजताहेत. कपाटाएवढ्या खोक्यालाही हीच परीक्षा लावा.