बाईंचो सूर, नानांचो डीजे

तिठ्यावर शाळेतल्या बाईंचा श्रद्धांजलीचा बॅनर लागला आणि तिथूनच सगळं सुरू झालं. वर साहेब, खाली 'शोकाकुल' म्हणून मंडळाचे अकरा जण, त्यातले चौघे गॉगल लावून, आणि मधे उरलेल्या जागेत बाई. फोटो बहुतेक आधार कार्डावरचा.

"नानानू, बाईंपेक्षा तुमचो फोटो मोठो," पप्या रिक्षातून उतरता उतरता म्हणाला. "नक्की गेलो कोण?"

काकी किटली घेऊन वळली ती हसू लपवायलाच. नाना मात्र हसले नाहीत. ते मंडळाचे अध्यक्ष. मंडळ आधी की नाना आधी याचा निकाल अजून लागलेला नाही. पांढरा शर्ट, काखेत रेक्झिनची बॅग. एसटीची वाट बघत उभे होते, कणकवलीला डीजेवाल्याला विसार द्यायला जायचं होतं. जानेवारीतली कबड्डी स्पर्धा यंदा बाईंच्या स्मरणार्थ, असं सभेत ठरलंय. सभा म्हणजे नाना आणि खजिनदार.

"स्वर्गीय बाईंना आपण अभूतपूर्व अशी मानवंदना देणार आहोत," नाना म्हणाले. समोर माईक असल्यासारखेच ते बोलतात. "एलईडी स्क्रीन. डीजे. उद्घाटनाला नामवंत गायकाच्या आवाजातलं राष्ट्रगीत, डॉल्बीवर."

"रेकॉर्डेड?" मी विचारलं.

"अर्थात. चूक व्हायला नको."

"बाईंची कधी चूक झाली?" पप्या.

इथे शिऱ्या मधे पडला. शिऱ्या लालबागचा. गणपतीला आला तो अजून गेलेला नाही, कंपनी 'वर्क फ्रॉम होम' देते म्हणे. काम करताना कोणी पाहिलेलं नाही. "अरे, आता सगळीकडे असंच असतं. प्रो कबड्डी बघ. लाइट ऑफ, स्पॉट, सेलिब्रिटी. 2016 ला ईडन गार्डन्सवर इंडिया-पाकिस्तान मॅचला खुद्द बच्चन गायला. काय आवाज! अंगावर काटा!"

"आणि 52 सेकंदांपेक्षा जास्ती लावल्यान म्हणान तेच्यावर तक्रार झाली," पप्या शांतपणे म्हणाला. "आमच्या बाईंवर झाली कधी?"

हे खरं आहे. आमच्या स्पर्धेत चढाईचं घड्याळ घेऊन बसणारे गृहस्थ बाई गायला लागल्या की घड्याळ चालू करायचे, आणि मागे पोरांच्या भज्यांवर पैजा लागायच्या. 52 च्या पुढेमागे जाईल म्हणणारा दरवर्षी भजी द्यायचा. तरी दरवर्षी एखादा नवा गिऱ्हाईक मिळायचाच.

बाई शिकवायच्या गणित. गाणं शाळेच्या वेळापत्रकात नव्हतंच. स्पर्धेच्या दिवशी नववीची दोन पोरं शाळेतली पेटी उचलून आणायची आणि गुणलेखकाच्या टेबलावर ठेवायची. बाई चपला फक्कीच्या रेषेबाहेर काढून ठेवायच्या, पदर खोचायच्या, आणि भाता मारून एकच पट्टी दाबायच्या. काळी एक. त्या पट्टीचं टोक तुटलेलं होतं, म्हणून बोट जरा आत धरावं लागायचं. सूर मैदानभर फिरेपर्यंत थांबायच्या, मग डावा हात वर.

मी एकदा विचारलं होतं, बाई, घरी तुम्ही काळी चारमध्ये गाता, इथे एवढं खाली उतरून काळी एक का? म्हणाल्या, "चारमध्ये मी गाईन रे, पण ते पुरुष लोक शेवटच्या 'जय हे'ला मरतील." शेवटच्या ओळीतला पहिला 'जय हे' वरच्या षड्जावर जातो, तीच मेख आहे. सुरुवातीला पट्टी चुकली की तिथे निम्मं मैदान चिरकतं आणि उरलेलं निम्मं ओठ हलवत उभं राहतं. बाईंच्या पट्टीत दोन्ही संघ, पंच, सरपंच, भेळवाला, सगळे तिथवर पोचायचे. त्यांच्या स्वतःच्या गळ्याला ती पट्टी सोयीची नव्हती, हे कोणाच्या लक्षातही यायचं नाही. नामवंत गायक डॉल्बीवर लावला की लोक ऐकतात. बाईंसमोर लोक गायचे. माझं म्हणणं एवढंच होतं, पण कट्ट्यावर एवढं सलग कोण बोलू देतो?

"ह्यो लेखक परत सुरू झालो," पप्या म्हणाला. "पण नानानू, एक सांगा. बाईंका गाणां एवढां येय होतां, तर तुमच्या बापाशीच्या भजनमंडळात तेंका कित्याक नाय घेतलास?"

झालं. निघालं जुनं मढं.

तेव्हा डबलबारी म्हणजे पुरुषांचं काम. समोरासमोर दोन बुवा, पखवाज, झांज, रात्रभर गजर आणि एकमेकांना टोले. नानांचे वडील गावचे बुवा. बाईंनी एकदा, फक्त एकदा, साथीला पेटीवर बसू का म्हणून विचारलं होतं. उत्तर आलं, 'बाईमाणसान देवळात आरती म्हणूची.' आज ठिकठिकाणी बायका बुवा म्हणून बारी करतात आणि त्यांच्या व्हिडिओखाली नाना स्वतः हात जोडलेली चित्रं टाकतात.

"तो काळ वेगळा होता," नाना म्हणाले.

"काळ तोच. तुमी तेच," पप्या म्हणाला. "देवळात जागा दिलास नाय, म्हणान बाईंचां गाणां मैदानात इलां. आता मैदानातसून पण काढतास? डीजे लावून?"

नानांचं प्रमाण मराठी इथे सुटलं. "मेल्या, तू माका शिकवतंस? नववीत गणितात नापास झालेलो तू!"

"34 मार्क!" पप्या उसळला. हे दुखणं त्याचं कायमचं. "एका मार्कान! 13 मीटर लांब, 10 मीटर रुंद कबड्डीच्या मैदानाची परिमिती काढा. मी लिवलंय 23."

"46 रे," शिऱ्या.

"माका म्हायत आसा 46. पण अर्धो कोर्ट समोरच्यांचो ना! तेंची फक्की मी कित्याक मारू?"

बाईंनी त्याला पेपर दिला त्याच संध्याकाळी तो शाळेकडून चढाईला गेला, एका दमात तिघांना बाद करून आला, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत बाई पहिल्या. मार्क मात्र वाढवला नाही. उलट दुसऱ्या दिवशी त्याला पेटीसमोर उभा केला आणि म्हणाल्या, कबड्डी कबड्डी ओरडू नकोस, खालच्या सुरात म्हण, दम पुरेल. तो आठवडाभर खर्जात कबड्डी म्हणत गावातून फिरत होता. त्याच्या आजीने दृष्ट काढली.

"तोच दम पुढे फायनलला सुटलो," नाना म्हणाले आणि लगेच पस्तावले, कारण पप्या उभा राहिला.

"माझो दम सुटूकच नव्हतो!"

"सुटलेलो. मी पंच होतंय. माज्या ह्या कानान आयकलंय."

"त्या कानात तेव्हा कापूस होतो! आख्ख्या गावान बगलेलो! बाई टेबलाकडे बसलेल्यो. तेंनी माका सांगल्यानी, 'दम अखंड होता.'"

"माका सांगल्यानी, 'नाना, निर्णय बरोबर.'"

दोघेही माझ्याकडे बघायला लागले. मी चहात बघायला लागलो.

"माका काय सांगल्यानी तां आयकतास?" काकी गाळणं आपटत म्हणाली. बाई रोज शाळा सुटल्यावर इथेच उभ्याने अर्धा कप घ्यायच्या, त्यामुळे काकीपुढे अपील नाही. "म्हणाल्यो, 'दम कधी सुटलो तां माका कळलांच नाय, कारण ह्यो मेलो मधेच बेसूर झालो, म्हणान मी कानांर हात ठेवलंय.'"

शिऱ्याच्या नाकातून चहा आला. नानाही हसले, पोट धरून, आणि त्या भरात प्रमाण मराठीत परत आले. "ठीक आहे. डीजे रद्द करू. पण मग गाणार कोण?"

आता सगळे गप्प.

"सगळेच," मी म्हटलं. "पट्टी काळी एक."

शिऱ्याने मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप काढलं, त्याचा आजवरचा एकमेव उपयोग. सूर लागला. पप्याने बसल्या बसल्याच तोंड उघडलं तशी काकी ओरडली, "बसान म्हणतास? राष्ट्रगीत आसा तां! उठा आधी!"

उठलो. कट्ट्यासमोर, रस्त्याच्या कडेला, ओळीने, सावधान. बरं चाललं होतं. 'विंध्य हिमाचल'पर्यंत आलो आणि वळणावरून कणकवली एसटी आली. चार माणसं ओळीत उभी बघून ड्रायव्हरने गाडी बरोब्बर आमच्यासमोर थांबवली. कंडक्टरने दार उघडलं. "चला, चला, कणकवली! चढतास काय नाय?"

नानांचे डोळे एसटीकडे, बॅग काखेत, हात मांडीला चिकटलेले. अध्यक्ष माणूस, राष्ट्रगीत अर्धवट कसं सोडणार? कंडक्टरने आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, "सकाळीच घेतलेली दिसता," असं म्हणाला आणि डबल बेल दिली. आम्ही शेवटच्या 'जय हे'ला होतो. नाना तिथे चिरकले, पण तो पट्टीचा दोष नव्हता.

"पुढची गाडी कधी?" नानांनी विचारलं.

"अडीचाक," काकी म्हणाली.

"आता कणकवलीत काम काय? डीजे रद्द ना?" मी म्हटलं.

"बॅनरवाल्याचं बिल द्यायचं आहे."

पप्या तोवर रिक्षात जाऊन बसला होता. "चला नानानू, सोडतंय. 800 होतीत."

"800? मेल्या, 600 घेतंस ना सगळ्यांकडसून?"

"तां अर्ध्या कोर्टाचा भाडां," पप्या म्हणाला.