रिप्लीचं ऐकलं असतं तर

मार्च उजाडला की हॉलिवूडच्या स्त्रीप्रधान सिनेमांच्या याद्या फिरायला लागतात. त्यात तलवारी असतात, मशिनगन असतात, मागे अख्खी इमारत उडाली तरी वळून न बघणारी नायिका असते. खाली बदामांचा सडा. मला त्या याद्यांचं वावडं नाही, त्यातले बरेच सिनेमे मीही आवडीने बघितलेत. पण माझी चाळणी वेगळी आहे. ही बाई पोटापाण्यासाठी काय करते आणि ते नेमकं कसं करते, हे पडद्यावर दिसतं का? दिसत असेल तर सिनेमा माझा. नायिका यशस्वी आर्किटेक्ट आहे असं पहिल्या पाच मिनिटांत सांगायचं आणि पुढचे दोन तास तिला पेन्सिलही हातात धरू द्यायची नाही, असले सिनेमे पोत्याने आहेत.

ॲलिसन बेकडेल या व्यंगचित्रकर्तीची १९८५ ची कसोटी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. सिनेमात किमान दोन बायका हव्यात, त्या एकमेकींशी बोलायला हव्यात, आणि पुरुष सोडून दुसऱ्या कशाबद्दल तरी. त्या चित्रपट्टीतली बाई म्हणते, या अटींत बसणारा मी बघितलेला शेवटचा सिनेमा म्हणजे 'एलियन'. त्यातल्या दोघी राक्षसाबद्दल बोलतात ना! माझीही सुरुवात तिथूनच.

'एलियन' (१९७९) हा लोकांच्या लेखी छाती फाडून बाहेर येणाऱ्या प्राण्याचा सिनेमा. माझ्या लेखी तो नियम मोडल्यावर काय होतं त्याचा सिनेमा. नोस्ट्रोमो हे मालवाहू यान, म्हणजे अंतराळातला ट्रकच, आणि त्यावरची माणसंही तशीच, बोनसवरून कुरकुरणारी. अनोळखी जागी उतरल्यावर केनच्या तोंडाला कसला तरी जीव चिकटतो. कॅप्टन डॅलस त्याला घेऊन दाराशी येतो आणि म्हणतो, उघड. आत रिप्ली आहे, सिगर्नी वीव्हर. ती म्हणते, नाही. चोवीस तास वेगळं ठेवायचं, नियम आहे. बाहेर माणूस मरतोय, कॅप्टन हुकूम सोडतोय, आणि ही जागची हलत नाही. शेवटी विज्ञान अधिकारी ॲश परस्पर बटण दाबतो आणि दार उघडतं. रिप्लीचं ऐकलं असतं तर बहुतेक जण वाचले असते आणि सिनेमा अर्ध्या-पाऊण तासात आटोपला असता.

मी ऑडिटवाली. "मॅडम, एवढं काय धरून बसता, नंतर रेग्युलराइज करू की" हे ऐकण्यात आयुष्य गेलं. त्यामुळे या प्रसंगाला मी घरी बसून टाळ्या वाजवते. त्यापेक्षाही लाडका प्रसंग त्यानंतरचा. रिप्ली ॲशला एकट्याला गाठते आणि विचारते, डॅलस आणि केन यानाबाहेर असताना सीनियर मी होते, हे विसरलास का? ओरडत नाही, रडत नाही. सरळ क्वेरी काढते. उत्तर गुळमुळीत येतं, आणि अशा उत्तरामागे वरून आलेला हुकूम असतो हे कुठल्याही ऑडिटरला कळतं. इथेही तसंच निघतं. कंपनीला तो जीव हवाय, माणसं गेली तरी चालतील.

पटकथेतच टीप होती की यानावरची पात्रं बाई किंवा पुरुष कुणीही करावीत. म्हणजे रिप्ली बाई म्हणून लिहिलेलीच नव्हती, आणि मला वाटतं म्हणूनच तिच्या वाट्याला एवढं धडधाकट काम आलं. शेवटी तिला आतल्या कपड्यांवर फिरवायचा मोह दिग्दर्शक रिडली स्कॉटला आवरला नाही, ती माझी तक्रार आहेच.

पुरुषासाठी लिहिलेली भूमिका बाईला देण्याचा उद्योग हॉलिवूडने त्याच्या किती तरी आधी केला होता. 'द फ्रंट पेज' हे १९२८ चं नाटक, त्यातला बातमीदार हिल्डी जॉन्सन हा बाप्या. १९४० मध्ये हॉवर्ड हॉक्सने त्यावर 'हिज गर्ल फ्रायडे' काढला आणि हिल्डीची बाई केली. रोझलिंड रसेल. समोर कॅरी ग्रँट, तिचा संपादक आणि घटस्फोटित नवरा. ती नोकरी सोडून ऑल्बनीच्या एका भल्या विमा एजंटशी लग्न करायला निघालीय, आणि एवढ्यात फाशीच्या कैद्याची बातमी येते. लोक या सिनेमाची आठवण काढतात ती त्यातल्या झपाट्याच्या, एकावर एक चढणाऱ्या संवादांसाठी. मला आठवते ती हिल्डीची तुरुंगातली मुलाखत. तिथे ती एकदम हळू होते. खुर्ची ओढून बसते, सिगारेट पुढे करते, आणि त्या भांबावलेल्या माणसाच्या तोंडून त्याची गोष्ट अलगद काढून घेते. नंतर प्रेसरूममधले पुरुष बातमीदार तिच्या टाइपरायटरवरचा कागद चोरून वाचतात आणि गप्प होतात. बाई लिहिते, हे मान्य करण्यावाचून गत्यंतर नसतं. आणि बातमीसाठी तीच बाई हॅट सांभाळत धावत जाऊन तुरुंगाधिकाऱ्याच्या पायांना मिठी मारून त्याला आडवा करते! १९४० साली!

मधल्या काळात मात्र हॉलिवूडला एक खोड लागली. बाई कामात हुशार दाखवायची तर तिच्या घराचं वाटोळं झालेलं दाखवायचं, म्हणजे हिशेब बरोबर. 'द डेव्हिल वेअर्स प्राडा' (२००६) मधला निळ्या स्वेटरचा प्रसंग घ्या. फॅशन मासिकाची संपादक झालेली मेरिल स्ट्रीप कमरेच्या दोन पट्ट्यांमधला फरक बघत असते, नवी सहायक हसते, आणि स्ट्रीप आवाजाची पट्टी न बदलता तिला सांगते की तुझ्या अंगावरचा हा निळा, सेरुलिअन, कुठल्या कलेक्शनमधून निघून कुठकुठल्या दुकानांतून झिरपत शेवटी सवलतीच्या ढिगात पोचला, जिथून तू तो उचललास. आपलं काम मुळापासून ठाऊक असलेल्या माणसाचं बोलणं असंच असतं. पण सिनेमा घाबरला. पुढे तिला मेकअपशिवाय, घटस्फोटाच्या बातमीने खचलेली दाखवावीच लागली. आणि त्या सहायकाचा बॉयफ्रेंड वाढदिवसाला उशीर झाला म्हणून फुरंगटून बसतो, त्याची बाजू आपण घ्यावी अशी अपेक्षा. छे.

म्हणून 'फार्गो' (१९९६). कोएन बंधूंचा. "ही सत्यकथा आहे" असं सुरुवातीला धडधडीत खोटं सांगणारा. नाव नॉर्थ डकोटातल्या गावाचं, पण गोष्ट जवळजवळ सगळी मिनेसोटाच्या बर्फात. आणि नायिका अर्धा तास उलटून गेला तरी पडद्यावर येतच नाही. येते तेव्हा झोपलेली असते. अंधारात फोन वाजतो. मार्ज गंडरसन, ब्रेनर्ड गावची पोलीसप्रमुख, सात महिन्यांची गरोदर. तीन मुडदे पडलेत. शेजारी झोपलेला नवरा नॉर्म म्हणतो, अंडी करून देतो, खाऊन जा. ती म्हणते, झोप रे तू. तो उठतोच. दोघं खातात, ती बाहेर पडते, आणि मिनिटभरात परत आत येते, कारण गाडी स्टार्ट होत नाहीये. बस. खुनाच्या तपासाची सुरुवात अशी. बायको कामावर निघालीय, नवरा न्याहारी करतोय, आणि याचं दोघांनाही काही विशेष वाटत नाही. एवढं साधं दाखवायला सिनेमावाल्यांना इतकी वर्षं लागली.

मग बर्फातला पंचनामा. फ्रान्सेस मॅकडॉर्मंड कानपट्टीची टोपी घालून, पोट सांभाळत खाली वाकते, पावलांचे ठसे बघते आणि कोण कुठून आलं, कुणी कुणाला गोळी घातली ते सांगत जाते. मध्येच आणखी वाकते. हाताखालच्या लूला वाटतं काही सापडलं. नाही, मळमळतंय. ते थांबतं, आणि ती म्हणते, आता परत भूक लागली.

पण माझ्या मते सिनेमातलं सगळ्यात सुंदर काम गाडीतल्या संभाषणात आहे. मेलेल्या पोलिसाने आपल्या वहीत गाडीच्या नंबरच्या जागी डीएलआर एवढंच लिहिलेलं असतं. लूने त्या अक्षरांनी सुरू होणाऱ्या नंबरची गाडी शोधायला राज्यभर निरोप धाडलाय. मार्ज त्याच्याकडे बघते आणि म्हणते, तुझ्या या तपासाशी मी शंभर टक्के सहमत आहे असं काही म्हणता येणार नाही, लू. डीएलआर म्हणजे डीलरची पाटी असणार. लूचा चेहरा पडतो. आणि ती लगेच नंबरप्लेटवरचा एक फुसका विनोद सांगून त्याला सावरते. चूक तर दाखवलीच, पण माणूस खचू दिला नाही. मी ज्यांच्या हाताखाली शिकले त्यांतल्या फार थोड्या साहेबांना हे जमायचं. मला तर अजूनही रोज जमत नाही.

मॅकडॉर्मंडला यासाठी अभिनयाचं ऑस्कर मिळालं, पुढे अभिनयाचीच आणखी दोन मिळाली. तिसरं 'नोमॅडलँड'साठी, तोही याच चाळणीतून उतरणारा. कारखाना बंद पडून गावच उठलेली बाई गोदामात पार्सलं भरते, कॅम्पच्या मोऱ्या धुते, बीटच्या हंगामाला जाते. तो बघाच, पण दिवसभर राबून आल्यावर नको.

'द सायलेन्स ऑफ द लँब्ज' (१९९१) म्हटलं की लोक नरभक्षक डॉक्टर झालेल्या अँथनी हॉप्किन्सचं नाव काढतात. तो पडद्यावर अर्धा तासही नाही! बाकी सगळा सिनेमा जोडी फॉस्टरच्या खांद्यावर. क्लॅरिस स्टार्लिंग, एफबीआयची प्रशिक्षणार्थी. दिग्दर्शक जोनाथन डेमीने एक युक्ती केलीय, परत बघाल तेव्हा लक्ष ठेवा. तिच्याशी बोलणारे पुरुष थेट कॅमेऱ्यात बघतात, म्हणजे आपल्याकडे. ती मात्र किंचित बाजूला बघते. दोन तास आपण तिच्या जागी बसून त्या नजरा झेलत असतो.

वेस्ट व्हर्जिनियातल्या मयतघरातला प्रसंग बघा. तिचा साहेब क्रॉफर्ड शेरीफला म्हणतो, असल्या गुन्ह्याबद्दल जरा बाजूला जाऊन बोलू, आणि तिच्याकडे सूचक बघतो. ती खोलीभर पोलिसांमध्ये एकटी उभी. सगळे तिच्याकडे टक लावून. पुढे प्रेताची तपासणी करायची वेळ येते तेव्हा तीच, आपल्या गावाकडच्या हेलात, आभार मानत मानत त्या सगळ्यांना खोलीबाहेर काढते. मग नाकाखाली मलम लावून टेपवर टिपणं सांगायला लागते. आवाज आधी कापतो, मग स्थिर होतो. कान तीन ठिकाणी टोचलेले, चमचमतं नेलपॉलिश, म्हणजे मुलगी शहरी. परतीच्या गाडीत क्रॉफर्ड म्हणतो, ते मी शेरीफला कटवायला बोललो, मनावर घेऊ नकोस. ती म्हणते, फरक पडतो सर. कसं वागायचं हे पोलीस तुमच्याकडे बघून ठरवतात. बास, एवढंच. ऑफिसात ज्या ज्या बाईने "अहो ते गमतीत म्हणाले" हे ऐकलंय तिने हे वाक्य लिहून ठेवावं.

'हिडन फिगर्स' (२०१६) याद्यांत हमखास असतो. आवडतो, पण अर्धाच. नासातल्या कृष्णवर्णीय गणितज्ञ बायकांची खरी गोष्ट. त्यात केविन कॉस्टनर हातोड्याने स्वच्छतागृहाची पाटी फोडतो तो प्रसंग बनवलेला आहे. खऱ्या कॅथरिन जॉन्सन सरळ पाटी नसलेलं, म्हणजे गोऱ्यांचं स्वच्छतागृह वापरत होत्या, कुणाला विचारलं नव्हतं. हे पाटी फोडण्यापेक्षा किती तरी भारी नाही का? पण मग गोऱ्या साहेबाला करायला काय उरलं असतं!

'एरिन ब्रॉकोविच'वर, म्हणजे वकिलाच्या ऑफिसात कारकुनी करता करता पाणी दूषित करणाऱ्या कंपनीविरुद्ध खटला उभा करणाऱ्या बाईवर, सगळ्यांनी लिहून झालंय, मी एकच प्रसंग सांगते. मोठ्या फर्मची वकीलबाई म्हणते, तुमच्या फायलींत पक्षकारांचे फोन नंबरही नाहीत. एरिन म्हणते, कुणाचा हवाय? आणि नंबर, मुलांची नावं, आजार, सगळं तोंडपाठ सांगते. एरिन झालेल्या ज्युलिया रॉबर्ट्सला ऑस्कर तिच्या तोकड्या कपड्यांमुळे मिळालं असं म्हणणाऱ्यांनी तो प्रसंग परत बघावा.

राहिला 'नॉर्मा रे' (१९७९), आपल्याकडे फारसा न बघितला गेलेला. अमेरिकेच्या दक्षिणेतली कापडगिरणी, सॅली फील्ड. माझे सासरे परळला साचाखात्यात होते. घरातही ते खालच्या मजल्यावर ऐकू जाईल असं बोलायचे, कारण आयुष्यभर मागांच्या खडखडाटात काढलेलं. या सिनेमाच्या सुरुवातीलाच नॉर्माच्या आईला तात्पुरतं ऐकू येईनासं होतं आणि गिरणीच्या डॉक्टरला त्याचं काही पडलेलं नसतं. तिथेच मी अडकले. मग नॉर्माला मॅनेजमेंट बढती देतं, म्हणजे हातात स्टॉपवॉच देऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांचाच वेग मोजायला लावतं. लोक बोलेनासे होतात. ती ते काम सोडते. पुढे युनियनच्या पायी घराकडे दुर्लक्ष होतं म्हणून नवरा कुरकुरतो, तेव्हा ती स्वयंपाक, कपडे, इस्त्री सगळं एकदम काढून बसते आणि त्याला असं काही ऐकवते की ते इथे लिहिण्यासारखं नाही.

टेबलावर चढून 'युनियन' लिहिलेला पुठ्ठा धरून उभी राहते तो प्रसंग प्रसिद्ध आहे. एकेक माग बंद होत जातो. पण मला त्या रात्रीचा प्रसंग जास्त लागतो. जामिनावर सुटून आल्यावर ती झोपलेल्या मुलांना उठवते आणि कुणाचा बाप कोण ते स्वतः सांगते, उद्या गिरणीवाल्यांच्या तोंडून त्यांना कळायच्या आत.

तो पुठ्ठा खरा. नॉर्थ कॅरोलायनातल्या रोनोक रॅपिड्सला जे. पी. स्टीव्हन्सच्या गिरणीत क्रिस्टल ली सटन १९७३ मध्ये अशीच उभी राहिली होती आणि तिची नोकरी गेली. युनियनने मतदान जिंकलं १९७४ ला. सिनेमा तिथेच जल्लोषात संपतो. कंपनीने करारावर सही केली ती १९८० मध्ये, म्हणजे सिनेमा येऊन, सॅली फील्डला ऑस्कर मिळून गेल्यावर. १९८२ चा संप ज्या घरांनी सोसला त्यांना मतदान जिंकणं आणि करार हातात पडणं यातलं अंतर समजावून सांगायला नको. त्या सहा वर्षांवर कुणी सिनेमा काढला तर मी पहिल्या दिवशीचा पहिला शो बघेन.

'थेल्मा अँड लुईस' कुठे गेला, असं कमेंटमध्ये विचाराल, म्हणून आधीच सांगते. कॅली खौरीची पटकथा ऑस्कर मिळवण्याच्याच लायकीची होती आणि सिनेमा मला मनापासून आवडतो. पण त्या दोघी सुट्टीवर निघालेल्या आहेत, माझ्या चाळणीत कशा बसणार? त्यांच्यावर वेगळी पोस्ट. आणि 'हिज गर्ल फ्रायडे'चा कॉपीराइट कधीच संपलाय, नेटवर फुकट सापडतो. सबटायटल लावून बघा, नाहीतर निम्मं बोलणं डोक्यावरून जाईल.