भाऊजी, आधी सीट वर घ्या

घोडबंदर रोडला राहणाऱ्या माझ्या धाकट्या दिरांनी रोड बाइक, म्हणजे रस्त्यावर वेगाने चालवायची सायकल, घेतली आणि आठवड्याभरात घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. तोच मेसेज त्याआधी आमच्या नेरूळच्या सायकलवाल्यांच्या दोन ग्रुपांवर फिरून गेला होता. त्यातले नियम थोडक्यात असे: सीटवर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. सीटचं नाक थोडं खाली झुकवा. गादी जितकी जाड तितका आराम. हँडल जितकं खाली तितका वेग. टायरवर लिहिलेल्या आकड्याइतकी हवा भरा. आणि मान, हात, गुडघे महिनाभर दुखणारच, सवय होईपर्यंत सोसा. शेवटी हात जोडलेले तीन इमोजी.

यातले चार नियम मी स्वतः पाळून बसले आहे, म्हणून लिहायला घेतलं.

पाय टेकण्याचं आधी घेऊ, कारण बाकीचं बरंचसं दुखणं तिथूनच सुरू होतं. माझ्या पायाची आतली लांबी, म्हणजे जांघेपासून जमिनीपर्यंत, ७६ सेंटिमीटर. क्रँक, म्हणजे पेडल ज्याच्या टोकाला असतं तो दांडा, ज्या आसाभोवती फिरतो तो आस रोड बाइकला जमिनीपासून साधारण २७ सेंटिमीटरवर असतो. बसल्या बसल्या तळवे पूर्ण टेकवायचे तर सीट आसापासून जेमतेम ४९-५० सेंटिमीटरवर येते. मला लागते ६६. माझ्या मापाच्या फ्रेमवर सीट तेवढी खाली उतरतच नाही. मग हा नियम मानणाऱ्या माणसाच्या गळ्यात लहान फ्रेम मारली जाते आणि ती चूक पुढे कुठल्याच पान्ह्याने सुटत नाही.

मी बाइक घेतली तेव्हा दुकानातल्या पोराने तडजोड केली होती. निदान चवडे टेकतील इतकी सीट. पाम बीच रोडला वाशी ते बेलापूर दोन फेऱ्या मारल्या की संध्याकाळी जिना उतरताना गुडघ्याच्या वाटीत कळ यायची. सीट खाली असली की पेडल वर येताना गुडघा फार दुमडतो, आणि त्याच अवस्थेतून जोर लावायचा असल्याने दाब सगळा वाटीवर. सीट फार उंच झाली तर उलटं: दर पेडलला कंबर डावी-उजवी झुलते आणि गुडघ्याच्या मागे ओढ बसते.

मग उंची ठरवायची कशी? अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, दोन मांड्यांमध्ये एक जाड पुस्तक सीटवर बसल्यासारखं घट्ट वर दाबून धरायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून फरशीपर्यंतचं माप घ्यायचं. (टेप दुसऱ्याने धरावी. आमच्याकडे हे काम नवऱ्याने इतक्या गांभीर्याने केलं की शिंपीकाकांची आठवण झाली.) त्या मापाला ०.८८३ ने गुणलं की आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर मिळतं. १९८६, १९८९ आणि १९९० साली टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँडच्या नावाने हे सूत्र ओळखलं जातं. माझं उत्तर ६७.१. दुसरं सूत्र म्हणतं, खालच्या पेडलपासून सीटपर्यंत आतल्या लांबीच्या १०९ टक्के ठेवा. त्यातून १७ सेंटिमीटरचा क्रँक वजा केला की माझं उत्तर ६५.८. एकाच बाईला दोन सूत्रं सव्वा सेंटिमीटरच्या फरकाने दोन जागी बसवतात! सूत्राने फक्त आसपास पोचवलं. पुढचं काम टाचेने केलं: दाराची चौकट धरून सीटवर बसायचं, पेडल सगळ्यात खाली न्यायचं, त्यावर टाच ठेवायची. कंबर न झुकवता पाय जेमतेम सरळ झाला तर उंची जवळपास बरोबर. चालवताना चवडा पेडलवर असतो, त्यामुळे गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप राहतो.

‘मग सिग्नलला थांबायचं कसं, वहिनी?’ हा भाऊजींचा प्रश्न रास्त होता. सीटवरून पुढे उतरून. फ्रेमच्या वरच्या दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय, एक जमिनीवर, एक पेडलवर. बसल्या जागी पाय टेकवणं ही स्कूटरची सवय आहे.

नाक झुकवणं आणि हाताला मुंग्या येणं फॉरवर्डमध्ये चार ओळींच्या अंतरावर आहेत, पण ते एकच दुखणं आहे. सीट पुढे उतरती झाली की आपण घसरतो, आणि ती घसरण थांबवायला दिवसभर हातांनी हँडल ढकलत राहतो. करंगळी आणि अनामिकेला जाणारी नस तळव्याच्या कडेने जाते, तिच्यावरच वजन येतं. माझी करंगळी घरी येऊन चहाचा कप धरेपर्यंत बधिर असायची, आणि मी फॉरवर्डबरहुकूम सोसत होते. सीटवर आडवं पुस्तक ठेवून त्यावर फोनमधली लेव्हल उघडली तेव्हा कळलं, नाक चार अंश खाली. सपाट केली, बैठक सेंटिमीटरभर मागे सरकवली, मुंग्या दोन रविवारांत गेल्या. मागे सरकवल्यावर सीट पायापासून लांब जाते, तेव्हा उंची पुन्हा तपासायची. क्रँक आडवा ठेवून पुढच्या गुडघ्यापासून ओळंबा सोडायचा आणि तो पेडलच्या आसावर यायला हवा, असंही सांगतात. तो जुना ठोकताळा आहे, सुरुवातीला हाताशी ठेवा, पण त्याच्यासाठी भांडू नका.

सोसण्याबद्दल एवढं मान्य: नव्या माणसाच्या मांड्या दुखतात, बैठकीची हाडं पहिले काही दिवस कुरकुरतात, आणि ते खरंच जातं. सांध्यातली कळ आणि बधिरपणा मात्र त्यात धरू नका. मापं बदलूनही बोटं किंवा मांडीमधला भाग बधिर राहत असेल तर डॉक्टरकडे जा.

जाड जेलच्या गादीत हाडं रुततात आणि मधला मऊ भाग वर दाबला जातो, म्हणजे नको तिथे भार. रुंदी महत्त्वाची. कडक पायरीवर खोक्याचा पुठ्ठा ठेवून त्यावर बसा, उमटलेल्या दोन खळग्यांमधलं अंतर मोजा आणि ते घेऊन दुकानात जा.

हँडलबद्दल फार बोलण्यासारखं नाही. शर्यतवाले वाकून बसतात कारण त्यांनी वर्षानुवर्षं पाठ तयार केलेली असते. आपण ऑफिसात खुर्चीवर आठ तास काढून येतो. स्टेम, म्हणजे हँडल सायकलला जोडणारा तुकडा, त्याच्याखालच्या हँडल वर ठेवणाऱ्या रिंगा असू द्या, लांब पडत असेल तर सेंटिमीटरभर आखूड स्टेम लावा, आणि बोल्ट स्टेमवर छापलेल्या आकड्याइतकेच आवळा. कार्बन फायबरच्या भागांना जास्तीचा जोर सोसत नाही.

हवेचा आकडा मात्र भाऊजींनी मनापासून पाळला होता, शंभर पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), आणि गायमुखच्या खड्ड्यांवरून दात वाजवत येत होते. टायरवर असते ती कमाल मर्यादा. माझं वजन ५९ किलो, टायर २८ मिलिमीटरचं, मी ६५ च्या आसपास भरते, पुढच्या चाकात थोडी कमी. फार उतरवली तर खड्ड्यात ट्यूब रिमला चिमटून पंक्चर होते, तेवढं भान ठेवायचं.

रविवारी मी ठाण्याला गेले होते. पार्किंगमध्ये भाऊजींची सीट मोजली तर चार सेंटिमीटर खाली निघाली. एकदम वर घेतली असती तर गुडघ्यांनी वेगळी तक्रार काढली असती, म्हणून सीट पोस्टला, म्हणजे सीटखालच्या दांड्याला, पांढरी इन्सुलेशन टेप गुंडाळून तिच्यावर पाच-पाच मिलिमीटरवर बॉलपेनने आठ रेघा मारल्या. तीन-चार राइड झाल्या की एक रेघ वर. बाकी काहीही तोवर हलवायचं नाही, नाहीतर कशाने बरं वाटलं ते कळत नाही. काल येऊरचा चढ चढून आल्यावर त्यांचा फोन आला: दुसऱ्या रेघेवर आहेत, आणि तिसरी उद्याच घेतली तर चालेल का विचारत होते. नाही म्हटलं.