३२०० चा रोल भरला की झालं?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं फिल्मवर फोटो काढणाऱ्या पोरांत सध्या एक सल्ला जोरात फिरतोय : "हॉलमधली कबड्डी असो की मॅटवरची कुस्ती, डोळे झाकून ३२०० चा रोल भरा. ४०० चा रोल उन्हातला. स्पीड वाढलं की फोटो हलत नाही."

आधी डबीवरचा आकडा बघू. तो फिल्मचं स्पीड (आयएसओ) सांगतो : आकडा मोठा तेवढा कमी उजेड पुरतो. इल्फर्ड डेल्टा ३२०० चं खरं स्पीड १००० च्या आसपास आहे, हे इल्फर्डच सांगतं. कोडॅक टी-मॅक्स पी३२०० चंही ८०० ते १०००. त्यातला 'पी' पुशचा, म्हणजे खऱ्या स्पीडपेक्षा वरचा आकडा धरून फोटो काढायचे आणि रोल जास्त वेळ धुवायचा. तेव्हा ३२०० ला वापरला की तोही पुशच. हे रोल मुळातच कमी कॉन्ट्रास्टचे बनवलेत म्हणून तो ताण सोसतात, एवढं श्रेय त्यांचं. पण सावलीतल्या तोंडावर जे फिल्मवर पडलंच नाही, ते डेव्हलपर (फिल्म धुवायचं रसायन) कुठनं आणणार?

४०० हॉलमध्ये चालत नाही, हे तर साफ चूक. समजा उजेड मोजणाऱ्या मीटरनं ४०० ला एफ/२ (लेन्सचं तोंड; आकडा लहान तेवढं तोंड मोठं), १/१२५ (शटर उघडं राहतं तो सेकंदाचा भाग) दाखवलं. एचपी५ किंवा ट्राय-एक्स हा ४०० चा रोल १६०० ला पुश केला की त्याच एफ/२ वर १/५०० मिळतो. आता तुमच्या झूमचं तोंड टोकाला एफ/५.६ च्या पुढं उघडत नसेल तर ३२०० चा महागडा रोल घालूनही १/१२५ च! तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) लेन्सनंच खाल्ले. त्यापेक्षा जुनी ५० एमएम एफ/२ घ्या आणि मॅटच्या कडेला बसा. गॅलरीतनंच काढायचं असेल, जवळ जायला कोण देत नसेल, तर मात्र ३२०० ला पर्याय नाही, हे मान्य.

आणि फोटो हलतो तो नुसत्या रोलमुळं नव्हे. खाली घेऊन कब्जा घेतला की दोन्ही पैलवान क्षणभर जखडलेले असतात. तिथं १/१२५ पुरतो. ढाकेसारखा झटक्याचा डाव मारला की १/५०० सुद्धा कमी पडतो. डाव ओळखणाऱ्याचा फोटो बरा येतो, मग रोल कुठला का असेना.

एक गोष्ट या सल्ल्यात येतच नाही : दिवे. चोकवाल्या जुन्या ट्यूबा आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. १/५०० ला पडदा-शटरच्या (फिल्मवरनं फट सरकत जाते अशा) कॅमेऱ्यात एकाच फ्रेमवर उजळ-काळपट पट्टे येऊ शकतात. १/१२५ ला ते बरेच कमी. रंगीत रोल असेल तर त्याच ट्यूबांखाली चेहरे हिरवट येतात. सिनेस्टिल ८००टी हा रंगीत रोल त्यावर उतारा नव्हे, तो पिवळ्या बल्बच्या उजेडासाठी आहे. अशा हॉलात मी तरी काळा-पांढराच भरतो.